दहावी गाडी

"साडेसात लाख," साईनाथ म्हणाला आणि पार्टी आता हसेल म्हणून वाट बघत उभा राहिला.

पार्टी हसली नाही. पार्टीचं नाव सुदेश. डोंबिवलीच्या खाडीकाठचा कोळी, मासळीचा घाऊक धंदा. मुलीच्या हळदीला मिरवायला त्याला जुनी पद्मिनी गाडी हवी होती, मात्र एसी पाहिजे आणि वाटेत बंद पडता कामा नये. म्हणजे जुनी हवी, पण जुन्यासारखी वागणारी नको. विठ्ठलवाडी स्टेशनमागच्या साईनाथच्या गॅरेजात उभी असलेली निळी पद्मिनी नेमकी तशी होती. पत्रा चौऱ्याऐंशी सालचा, इंजिन परवाचं. ते इंजिन गाडीत चढायला चार महिने लागले आणि आरटीओच्या कागदावर चढायला आठ.

साडेसात ही काही किंमत नव्हती, ती सुरुवात होती. आपण साडेसात म्हणायचं. पार्टीने चार म्हणून बंपरवर बोट फिरवायचं. मग चहा, मग उठून जायचं नाटक, आणि शेवटी साडेपाचला सौदा पटायचा. खर्च सहा लाख वीस हजार झालेला. सगळ्याच गाड्या अशा गेल्या होत्या. नऊ गाड्या, नऊ वेळा तोटा. एवढं सातत्य साईनाथने आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवलं नव्हतं.

घर चालायचं ते त्याच्या बायकोच्या, कलावतीच्या, जेवणाच्या डब्यांवर. गॅरेजचा हिशेबही तीच लिहायची, डब्यांच्याच वहीत, उलट्या बाजूने. अकरा वर्षांपूर्वी, पहिल्या गाडीच्या तोट्यानंतर, ती म्हणालेली, "अहो, बंद करा आता हे." त्यावर साईनाथने शब्द दिला होता: "एक गाडी फायद्यात जाऊ दे, त्याच दिवशी शटर ओढतो. तोट्यात नाही ओढणार. लोक हसतील." लोक हसत होतेच, पण तिने शब्द मान्य केला आणि पुढच्या प्रत्येक गाडीला तीच विचारत राहिली, "मग, ओढायचं का शटर?"

आता साईनाथ छप्पन्नचा होता. वाकलं की कंबर धरायची, आणि त्याचं काम सगळं वाकूनच. पुतण्या आनंदने कल्याणच्या एका शोरूममध्ये त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. खुर्ची, डोक्यावर पंखा, गिऱ्हाइकाला चहा विचारायचा आणि तक्रार कॉम्प्युटरवर टाकायची. गाडीला हात लावायचा नाही, तशी सक्त ताकीदच होती. साईनाथ हल्ली घरी जेवताना त्या पंख्याबद्दल बरं बोलायचा.

कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या कलावतीसमोरून सुदेशने गाडीभोवती एक चक्कर मारली. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"दिले," तो म्हणाला.

"काय दिले?"

"साडेसात. काका, आमच्याकडे रोज पहाटेपासून पापलेटवरून घासाघीस ऐकतो मी. कान किटलेत. स्वतः नाही करत." त्याने मोबाईलवरून एक लाख तिथल्या तिथे टाकले. "बाकीचे गुरुवारी, तेव्हाच गाडी नेतो. आणि काकी, हळदीला यायचं हां. मटण खाल्ल्याशिवाय सोडणार नाही."

तो गेला. साईनाथला चहा विचारायचंही राहून गेलं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून कलावतीने वहीत वजाबाकी केली. दोनदा केली. एवढ्या वर्षांत उत्तर या बाजूला आलंच नव्हतं.

"एक लाख तीस हजार फायदा," ती म्हणाली.

ज्या दिवसाची अकरा वर्षं वाट पाहिली तो दिवस असा मंगळवारी दुपारी सव्वाबाराला आला. साईनाथला वाटलं होतं, अंगावरची गाडी जॅकने उचलल्यासारखं वाटेल. तो नुसता उभा राहिला. हात पुसायला त्याने फडकं घेतलं, तर हात स्वच्छच होते. मग त्याने पाने आकाराप्रमाणे लावायला घेतले. ते आधीच लावलेले होते.

"सुटलो बाई," तो म्हणाला. "आनंदला सांग, सोमवारपासून येतो. शर्ट कुठल्या रंगाचा लागतो विचार."

कलावतीने त्याच्या स्वच्छ हातांकडे आणि लावलेल्याच पान्यांकडे बघितलं. मग तिने मिटलेली वही पुन्हा उघडली.

"किती महिने लागले हो या गाडीला?"

"सतरा. का गं?"

"चांगल्या मिस्त्रीची मजुरी काय आहे आजकाल?"

"हजार. बाराशे पण मागतात."

"हजारच धरते. महिन्याचे पंचवीस दिवस."

"कोणाचे?"

"तुमचे."

"माझे कसे धरतेस? मालकाची मजुरी कोण धरतं?" हयातभरात पहिल्यांदाच झालेला फायदा कोणी हिसकावल्यासारखा साईनाथ चिडला. "नऊ गाड्यांत कधी धरलीस का?"

"नऊ गाड्यांत गरज नव्हती," कलावती म्हणाली. तिने सावकाश गुणाकार केला, एक ओळ ओढली, तिच्याखाली दुसरी ओढली आणि वही त्याच्यासमोर धरली. "दोन लाख पंच्याण्णव हजार तोटा. अजून नाही ओढता येत शटर."