सात भोकं

"भोकं कुठं गेली?" चुलीपुढे उकिडवी बसलेली इंजिनियर ऋजुता चक्रावली. तिने घडवलेली बिनधुराची चूल द्वारकाकाकूंच्या घरात धूर ओकत होती. आजच्या मोजणीत धूर घटला नाही, तर प्रकल्प बंद होणार होता.

पहिला नमुना: हवेची भोकं राखेत बुडाली. दुसरा: वर घेतली. तिसरा: मोठी केली. आज तर एकही दिसत नव्हतं.

"लिंपली की," काकू खोकत म्हणाल्या. "रोज सकाळी चूल सारवते. पारोशी चूल पेटवायची होय?"

"अहो काकू, त्या भोकांतून हवा गेली तरच धूर जळतो!"

"मग सांगायचंस! तीन वर्षं धूर मोजतेस, पण कधी सकाळची आलीस?"

काकूंनी उलथन्याच्या दांड्याने सातही भोकं मोकळी केली. आत सात ज्योती फुटल्या. धूर विरत गेला. मग प्रत्येक भोकाभोवती त्यांनी कुंकवाचं बोट फिरवलं.

"हे कशाला?"

"कुंकवावर पोतेरं फिरवायला माझा हात धजायचा नाही."

यंत्रावरचा आकडा निम्म्यावर आला. ऋजुताने वही उघडली.

चौथा नमुना: कुंकू.