डबाभर भुंगेरे

"कालच डबाभर वेचले होते, आज परत तितकेच! मेले उगवतात तरी कुठून?" गुलाबाच्या वाफ्यापाशी उभ्या सरोजिनीबाई पुटपुटल्या. शेजारीच वाकून पाकळ्यांमधले भुंगेरे वेचणाऱ्या चिमणाबाईने मान काही वर केली नाही.

गंगापूर रोडवरच्या त्या बंगल्यात चातुर्मास कडक असे. औषध मारायचं नाही, रॉकेलच्या पाण्यात बुडवायचं नाही, जीवहत्या नको. भुंगेरे अलगद डब्यात वेचायचे आणि भिंतीवरून शेजारच्या संध्याताईंच्या बागेत सोडायचे. पुढचं देव बघेल.

चिमणाबाईचा जीव मात्र पेठकडच्या गावातल्या भातखाचरात अडकला होता. भाताची रोपं उपटून आवणीला, लावायला आली होती, घरी म्हातारी आई एकटी, आणि पाऊस काही बाईंना विचारून थांबणार नव्हता. तिने तिसऱ्यांदा रजा मागितली.

"चारच दिवस, बाई. रोपं पिवळी पडाय लागली."

"आणि माझे गुलाब? चार दिवसांत नुसते काटे उरतील! तुझं भात थांबेल गं. पण मुक्या जीवांना इतक्या मायेने उचलणारं दुसरं माणूस मी कुठून आणू?"

चिमणाबाईने डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा बाईंच्याच हातात दिला.

 

"पलीकडं बी मीच कामाला हाय, बाई. त्या बी जीव मारीत नाय. त्यांचे सकाळी मी इकडं टाकते, तुमचे सांजचे तिकडं. चार दिवस बिचारे एका घरी तरी राहतील."