तीन चरे

रंगाखाली बोटाला तीन चरे लागले आणि मिस्त्रींचा हात तिथंच थांबला.

लिलावाच्या शेडमध्ये लांब टेबलांवर जुन्या मोटारींचे दिवे, आरसे, चाकांच्या टोप्या मांडल्या होत्या. चौदा नंबरच्या चिठ्ठीखाली हा लोखंडी दांडा होता. स्टिअरिंग फिरवलं की पुढचं चाक वळतं ते याच्याच जिवावर. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचा, आता शोधून सापडायचा नाही असा. कुणीतरी त्याला काळा रंग फासून नटवला होता. पण मिस्त्रींना बोटानंच कळलं. ते चरे त्यांनीच मारले होते, दोन वर्षांपूर्वी, त्यांच्या गॅरेजात. आतून तडा गेलेला दांडा म्हणून.

मोडीत काढलेला माल भंगारात द्यायच्या आधी करवतीनं कापून दोन तुकडे करायचे, हा त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाचा पहिला धडा. त्या संध्याकाळी करवतीचं पातं तुटलं. उद्या कापू, असं म्हणून त्यांनी कानशीनं खुणेचे चरे मारले आणि दांडे कोपऱ्यात ठेवले. सकाळी ते पोचायच्या आत भंगारवाला येऊन कोपरा झाडून घेऊन गेला होता.

दांडे दोन होते, दोन्ही तडा गेलेले. टेबलावर डावा होता. उजवा कुठंच दिसत नव्हता.

मिस्त्री लिलाववाल्या बाईंकडे गेले. "बाई, चौदा नंबर बाजूला काढा. आत तडा आहे."

बाईंनी यादीतून मान वर केली नाही. "काका, माल आहे तसा विकला जातो. आधी नावं ठेवायची आणि मग स्वस्तात उचलायचं, असे चारजण मला रोज भेटतात."

"मग वाजवून बघू द्या. टांगून हातोडी मारली की मडक्यासारखं कळतं."

"वाजवायला मनाई आहे. पाटी वाचा."

हा माझ्याच गॅरेजातून गेलाय, हे वाक्य जिभेपर्यंत आलं आणि परत गेलं. चाळीस वर्षं कमावलेलं नाव होतं. आपणच घ्यायचा आणि घरी नेऊन कापायचा, असं त्यांनी ठरवलं. 

चौदाचा पुकारा झाला. मिस्त्रींनी हात वर केला आणि अर्ध्या शेडच्या माना वळल्या. म्हातारा उगाच हात वर करत नाही, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. लगेच आणखी दोन हात वर गेले, मग पाच. ते जितका जीव तोडून बोली वाढवत होते, तितका तो फुटका दांडा लोकांच्या नजरेत सोन्याचा होत होता. शेवटी दोघंच उरले. ते आणि त्यांचाच जुना चेला बारक्या. आता चांगली ढेरी सुटली होती, स्वतःचं गॅरेज होतं, तरी बाजारात तो बारक्याच.

मिस्त्री गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ गेले. "सोड तो. तडा आहे त्याला."

बारक्या हसला. "वस्ताद, लिलावात माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. कुणी शिकवलं?" आणि त्यानं पुन्हा हात वर केला.

मिस्त्रींचा खिसा तिथं संपला.

बाहेर अंगणात बारक्या दांडा खांद्यावर टाकून आला. "तोंड आंबट करू नका, वस्ताद. चला, चहा पाजतो. डाव्या बाजूला बसवताना बघायलाही या."

मिस्त्रींनी हात पुढे केला. त्यांनी दांडा काढून घेतला, त्याच्या भोकात सुतळी ओवली, एका हातानं तो टांगता धरला आणि खिशातली छोटी हातोडी मारली.

ठप्प.

ओल्या लाकडावर मारावं तसा आवाज. बारक्याचं हसू मावळलं. हा आवाज ओळखायला तो याच माणसाकडे शिकला होता.

"माझाच आहे," मिस्त्री म्हणाले. "मीच मोडीत काढला होता. कापायचा राहिला. भोकाच्या खाली नख लाव, तीन चरे आहेत."

बारक्यानं नख लावलं. ते तिथून हलेना.

"वस्ताद," तो म्हणाला, "असे चरे उजव्यालाही होते."

"कुठल्या उजव्याला?"

"गेल्या महिन्यात घेतला. भंगारवाला म्हणाला, तुमच्या गॅरेजातला आहे. मला वाटलं, तुम्ही कापला नाही म्हणजे चांगलाच असणार. चरे कारखान्याचे समजलो. वाजवलासुद्धा नाही."

"आहे कुठं तो?"

"बसवलाय."

"गाडी कुठं आहे, बारक्या?"

"ही घेऊन गेलीय. दोन्ही पोरींना घेऊन, माहेरी. सकाळीच निघाल्या." त्यानं घड्याळ बघितलं. "आता घाट उतरत असतील."

त्यानं फोन काढला. बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा नंबर लागला, तेव्हा त्यानं फोन कानाला न लावता दोघांच्या मधे धरला. रिंग जाऊ लागली. एक. दोन. तीन. शेडमध्ये बाई पंधरा नंबरचा पुकारा करत होत्या.

सुतळीला टांगलेला दांडा अजून झुलत होता. मिस्त्रींनी तो दुसऱ्या हातानं गच्च धरला, कसलाही आवाज होऊ नये म्हणून.