डाळीएवढा कनेक्टर

शालनची नात जन्मल्यावर तिसऱ्याच दिवशी पिवळी पडली. लेक जन्मली तेव्हा तिलाही अशीच कावीळ झाली होती. तेव्हा तिला दिव्यांच्या पेटीत ठेवलं आणि शालनने तीन दिवस काचेबाहेर रडून काढले.

आज सिस्टरने बाळाला निळ्या उजेडाच्या, पोळीसारख्या पातळ गादीत गुंडाळून सरळ तिच्या मांडीवर दिलं. "घ्या आजी, जवळ घ्या."

गादीची कड चाचपताना शालनची बोटं थबकली. आतला, दिव्यांच्या तारा जोडणारा डाळीएवढा कनेक्टर! तिच्याच हातचा असेल? कारखान्यात चिमट्याने हाच बसवताना ती रोज कुरकुरायची, "एवढा बारका कशाला, साहेब? डोळे फुटतात आमचे." साहेब म्हणायचे, "हा बारका, तरच दिवा पातळ."

नातीने तिचं बोट घट्ट धरलं.

"अजून बारका करा, साहेब," शालन पुटपुटली.