गेलेल्यांचा कागद

देशात कोणत्या आजाराने किती माणसं मरतात, याच्या सरकारी पाहणीसाठी वैजयंता जनाबाईच्या ओसरीवर बसली होती. जनाबाईचा नवरा पोळ्याच्या आधी वारला होता.

"खोकला किती दिवस होता?"

"तीन महिने."

"संध्याकाळी ताप यायचा? वजन घटलं होतं?"

जनाबाईने आतल्या दाराकडे पाहिलं. आत सून खोकत होती.

"बाई," जनाबाई हळूच म्हणाली, "हे सगळं सुनेलाही होतंय. तिचं नाव लिहून घेता का?"

वैजयंताने पेन खाली ठेवलं. "मावशी, हा कागद फक्त गेलेल्यांचा आहे. तिला आत्ताच दवाखान्यात नेऊ."

सून दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. छातीशी तान्ही लेक घट्ट धरून ती म्हणाली, "मी येते. पण आधी हिला तपासा."