तीनपासून शून्यापर्यंत

"आजोबा, हे आकडे क्रमाने लावा बरं," थेरपिस्ट मुलगी म्हणाली आणि शून्य ते नऊ अशी दहा कार्डं तिने टेबलावर पसरली.

मास्तरांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला बालवाडीचं काम! पण बोलणार कसे? अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा गेली होती आणि उजवा हात मांडीवर ओंडक्यासारखा पडला होता. सांगितलेलं त्यांना कळतं की नाही, ते आज बघायचं होतं. कळत असेल तर उपचार पुढे चालणार, नाहीतर आजच थांबणार. शेजारी बायको देव पाण्यात ठेवून बसली होती.

मास्तरांनी डाव्या हाताने सावकाश कार्डं लावली. तीन, आठ, एक, सहा, पाच, चार, सात, दोन, नऊ, शून्य.

थेरपिस्ट मायेने हसली आणि कार्डं गोळा करायला वाकली.

टक्. मास्तरांनी बोटाच्या पेराने टेबल वाजवलं. पोरीने हात मागे घेतला.

त्यांनी रांगेतला तीन पुढे सरकवला आणि एक बोट दाखवलं. त्याच्या शेजारी आठ सरकवला, दोन बोटं. मग एक, आणि तीन बोटं.

"भाग जातो म्हणतायत," बायको म्हणाली. गणिताच्या वाऱ्यालाही कधी उभी न राहिलेली बाई, पण ही बोटं तिच्या ओळखीची होती, घरच्या शिकवणीत रोज पाहिलेली. "अडतीसला दोनने. तीनशे एक्याऐंशीला तीनने."

थेरपिस्टने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. पुढचा आकडा आला, चारने भाग गेला. पाचने गेला. सहाला मास्तरांची बोटं संपली. त्यांनी बायकोचा हात ओढून घेतला, तिचा अंगठा उघडला आणि आपल्या पंजाशेजारी ठेवला. सहानेही गेला.

"सातने काही जायचा नाही," थेरपिस्ट पुटपुटली. अडतीस लाख सोळा हजार पाचशे सत्तेचाळीस. सातने बरोब्बर गेला.

आता ती परीक्षा घ्यायला बसलीये हेच विसरली. खुर्ची ओढून जवळ आली. आठने गेला, नऊने गेला. एकही आकडा दोनदा नाही, आणि प्रत्येक पायरीला बाकी शून्य. असं काही असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. बायकोचे डोळे भरून आले होते. ते पुसायलाही तिने मास्तरांकडचा हात काढून घेतला नाही.

मास्तरांनी शेवटचं शून्य सरकवलं. या वेळी थेरपिस्टने मोबाइलकडे पाहिलंच नाही.

"दहाने," ती म्हणाली. "दहाने, सर."

टेबलावर दोन पंजे शेजारी शेजारी होते, एक मास्तरांचा, एक बायकोचा, आणि दाही बोटं उघडी.