सरांचा तेजोमेघ

“याला तुम्ही तेजोमेघ म्हणता, जावईबापू?” सरांनी फोटो दोन बोटांत, ओलं फडकं धरावं तसा धरला. “हा ठिपका आहे. डास मारला की असा भिंतीवरही उमटतो.”

जावई चष्म्यांचं दुकान चालवायचा. सरांनी जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेलं. त्यांच्या लेखी हा लोकांच्या नाकावर काचा बसवणारा माणूस, आणि लेकीनं त्याच्यात काय पाहिलं हे कोडं त्यांना अजून सुटलं नव्हतं.

परसातली आरशाची दुर्बीण सरांची. तिच्यातून दोघांनी एकच वस्तू टिपली होती, मरणाऱ्या ताऱ्यानं नुकतंच अंगाबाहेर टाकलेलं वायूचं वेष्टण. खगोल मंडळाच्या प्रदर्शनात त्याचा एकच फोटो लागणार होता. ज्याचा नाकारला जाईल त्यानं पुन्हा दुर्बिणीला हात लावायचा नाही, ही अट सरांचीच.

“तरुण आहे तो, अजून पसरलेला नाही,” जावई म्हणाला. “ताऱ्याएवढाच दिसतो. रंग तेवढा हिरवट.”

सरांनी आपला फोटो टेबलावर आपटला. काळ्याभोर आकाशात एकच ठसठशीत कडं, मधोमध गोल भोक.

“बाबा, आरशाच्या दुर्बिणीत फोकस जरा हुकला, तर साध्या ताऱ्याचंही...” जावई म्हणू लागला.

“फोकस तुम्ही मला शिकवणार?”

जावयानं टेबलावरच्या चहाच्या पातेल्याकडे पाहिलं. फोकस जुळवायला त्यानं खाचा पाडून दिलेला पुठ्ठा सर त्याच्याखाली ठेवत.

सरांचा फोटो लेकीनं छापून आणला होता. मधलं तेवढं ठेव, बाकी काप, असं त्यांनी फर्मावलं तेव्हा ती म्हणाली होती, बाबा, एकदा अख्खा फोटो संगणकावर बघा. कचरा बघायला आपल्याला सवड नाही, असं त्यांनी तिला सुनावलं होतं.

रविवारी सकाळी मंडळात सर पहिल्या खुर्चीत बसले. जावयाचा ठिपका पडद्यावर आला तेव्हा त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी जांभई दिली.

मग त्यांची पाळी. मंडळाची सचिव त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. नियमाप्रमाणे तिनं न कापलेला मूळ फोटो मागितला. लेकीनं बापाकडे न बघता पेनड्राइव्ह पुढे केला.

फोटोत शंभरेक तारे होते. त्यांतल्या प्रत्येकाचं कडं झालं होतं, आणि प्रत्येक कड्याच्या मधोमध तेच गोल भोक.

“सर,” सचिवबाईंनी अदबीनं विचारलं, “यातला तेजोमेघ कुठला?”